एको वायच कमी कर गो बाय

इलेक्ट्रॉनिक वाद्यांबद्दल लोक बोलायला लागले की सगळी चर्चा आवाजाची. टोन किती, रिदम किती, तबला खरा वाटतो की पत्र्यावर मारल्यासारखा, बासरीत फुंक ऐकू येते का. बटणांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे किती बटणं आहेत ते मोजतात हो, पण एखादं बटण किती फिरवल्यावर किती फरक पडतो, आणि हात थांबला की आवाजही थांबतो का, हे कोणी विचारतच नाही. मी दुकानात गेले की आधी नॉब फिरवून बघते, कधी कधी प्लग लावायच्याही आधी, आणि दुकानदार असा बघतो की ही बाई घ्यायला आलीय की इन्स्पेक्शनला आलीय.

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर जे करतो त्याला आपण वादन म्हणतो. मग कीबोर्डवाल्याचा डावा हात फिल्टरच्या (आवाजाचा वरचा भाग कापणाऱ्या) नॉबवर जे करतो ते नुसतं सेटिंग कसं काय? तेही वादनच आहे. आणि वाद्याचा जो भाग वाजवायचा असतो तो हाताला आणि कानाला धरून बनवायला हवा, आतल्या आकड्यांच्या सोयीने नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, पुढचं सगळं पाल्हाळ.

आता आमच्याकडची गोष्ट. वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी ह्या पट्ट्यात भजन म्हणजे साधं काम नाही. डबलबारी असेल तर दोन बुवा समोरासमोर, दोघांच्या पेट्या, पखवाज, तबला, झांजा, मागे कोरस, आणि रात्रभर एकमेकांना सवाल-जबाब. ह्याला माइक लागतो, आणि माइक आला की एको आला. एकोशिवाय आमचे बुवा गात नाहीत, म्हणजे गातील, पण तोंड वाकडं करून. मंडळाचा साउंड बघायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं मला आठवत नाही (इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असला की गावातले सगळे मिक्सर-ग्राइंडर आपलेच), पण पडलं खरं, आणि बुवा पेटीवरून मान न उचलता सांगतात, "एको वायच कमी कर गो बाय." वायच म्हणजे जरासं, पण किती जरासं ते त्यांना पक्कं माहीत असतं, मलाही माहीत असतं, बटणाला माहीत नसतं.

कारण एकोच्या डब्यावर रिपीट म्हणून जे बटण असतं ते बऱ्याच स्वस्त डब्यांवर चुकीचं ताणलेलं असतं. आत काय चालतं बघा. आवाज थोडा वेळ धरून ठेवायचा, समजा ३०० मिलिसेकंद, मग सोडायचा, आणि सोडताना त्यातला काही हिस्सा परत आत ढकलायचा. किती हिस्सा ढकलायचा ते रिपीटचं बटण ठरवतं. निम्मा हिस्सा परत गेला तर प्रत्येक फेरीला आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे ६० डेसिबल खाली जायला, ज्याला आपण विरला म्हणू, साधारण १० फेऱ्या लागतात, ३ सेकंद. इथपर्यंत ठीक. पण बटण ९० टक्क्यांवर नेलं की फेऱ्या होतात ६५ च्या आसपास, म्हणजे बुवांनी गजर थांबवून पाणी प्यायलं तरी २० सेकंद देऊळ आपलं गातंच आहे. ९५ टक्क्यांना १३५ फेऱ्या. आणि १०० ला तो कधीच थांबत नाही, उलट माइकमधून भर पडत जाते आणि मग जी शिट्टी सुटते ती शेजारच्या वाडीत ऐकू जाते. म्हणजे पहिल्या अर्ध्या फेरीत मिळून १० रिपीट, आणि शेवटच्या अंगठ्याएवढ्या जागेत ६५ पासून अनंतापर्यंत सगळं कोंबलेलं. पखवाज वाजवणारे काका एकदा स्वतःच फिरवायला गेले आणि वैतागून म्हणाले, "ह्या बटान फिरवलंय तर कायच होईना, आणि वायच फुडे नेलंय तर सगळो गोंधळ!" एवढं अचूक निदान मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही.

ह्यावर उपाय अवघड नाहीये. बटणाने हिस्सा ठरवायचाच नाही, किती वेळ आवाज रेंगाळायला हवा तो वेळ ठरवायचा, आणि त्या वेळेला किती हिस्सा लागतो ते आतल्या चिपने काढायचं. फेऱ्या जर न असतील तर हिस्सा म्हणजे १० चा उणे ३ भागिले न वा घात, एक ओळ आहे प्रोग्रॅमची. मग बटणाच्या प्रत्येक घरात सारखाच फरक पडतो, वायच म्हटलं की वायच. भजनासाठी बनवलेल्या डब्यात मी हा हिस्सा ९० टक्क्यांच्या पुढे जाऊच देत नाही. ह्यावर मंडळातल्या पोरांची तक्रार आहे, कारण गजराच्या शेवटी एको उधळून द्यायला त्यांना मजा येते, आणि खरं सांगायचं तर ती मजा खोटी नाही, जगभर लोक मुद्दाम करतात. पण उधळायचं असेल तर त्याला वेगळं दाबायचं बटण द्या, दाबून धरलं तोवर उधळेल, सोडलं की गप. बारीक काम करायच्या नॉबच्या टोकाला खड्डा खणून ठेवायचा हा काही डिझाइनचा प्रकार नाही.

हेच दुखणं आवाजाच्या साध्या बटणाचं. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे पॉवर १० पट. कान गुणाकाराने मोजतो, बेरजेने नाही. आता साधा लिनियर पॉट (नॉबच्या खालचा फिरता रेझिस्टर) घ्या, सरळ हिशोबाचा, दहावा हिस्सा फिरवला की दहावा हिस्सा व्होल्टेज. तिथे आवाज फुल्लपेक्षा २० डेसिबल खाली असतो, म्हणजे कानाला साधारण चौथाई. शांततेपासून चौथाईपर्यंतचा सगळा प्रवास पहिल्या दहाव्या हिश्श्यात उरकला, आणि उरलेल्या नऊ हिश्श्यांत फक्त २० डेसिबल. म्हणून तर अशा बटणावर लोक म्हणतात की जरा हात लावला की एकदम मोठा होतो आणि नंतर फिरवत बसलं तरी काही होत नाही. बटण बिघडलेलं नसतं हो, ते बरोबर गणित करत असतं, फक्त आपल्या कानाचं नाही.

म्हणून लॉग पॉट असतो, कानासारखा गुणाकाराने चढणारा. त्याच्या पाठीवर ए छापलेलं असतं, लिनियरवर बी. (जुन्या युरोपियन सामानावर ए म्हणजे लिनियर, तेव्हा छापलेल्यावर विसंबू नका, नॉब मधोमध ठेवून मीटर लावा. १०० केच्या (म्हणजे १०० किलोओहमच्या) पॉटमध्ये मधोमध ५० दाखवलं तर लिनियर, १० ते १५ दाखवलं तर लॉग.) आणि गंमत म्हणजे स्वस्त लॉग पॉट आतून लॉग नसतोच, कार्बनचे दोन सरळ पट्टे जोडलेले असतात, एक सावकाश चढणारा आणि एक भरभर, आणि जोडावर हाताला नाही पण कानाला हलका धक्का कळतो.

आमच्याकडच्या दुकानात ए मागितला की मालक खण उघडून, बंद करून, दुसरा खण उघडून म्हणतात, "बी चालेल ना ताई? सेमच असतो." सेम नसतो, पण चालवता येतो. बी १०० केच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १० केचा रेझिस्टर टाकायचा. मधोमध आल्यावर खालचे ५० के आणि हे १० के समांतर मिळून ८.३ के होतात, वरचे ५० के तसेच, म्हणजे भाग येतो १४ टक्के. झाला लॉग पॉट, अगदी पुस्तकी नाही पण दोन पट्ट्यांच्या जोडकामापेक्षा कानाला गुळगुळीत. रेझिस्टरची किंमत काय तर नाण्याएवढी, आणि मूळ कंपनीने एवढं का केलं नाही हा प्रश्न मला दर वेळी झाकण उघडल्यावर पडतो. चिपमधून करायचं असेल तर त्याहून सोपं, बटणाच्या आकड्याचा वर्ग करा किंवा घन करा. वर्ग केला की मधोमध फुल्लपेक्षा १२ डेसिबल खाली, घन केला की १८. मला घन आवडतो, पण ज्यांना गर्दीत वाजवायचंय त्यांना वर्ग बरा, कारण तिथे बारीक आवाजाशी कोणाला देणंघेणं नसतं.

ह्यात एक बारकावा आहे. शुद्ध डेसिबलचं बटणही मला पटत नाही. स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरचे फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारी आवाजाची बटणं, बघा, शून्य डेसिबलची (आवाज आला तसाच पुढे जाण्याची) खूण साधारण पाऊण उंचीवर असते, तिच्या आसपास डेसिबल ऐसपैस पसरलेले असतात आणि तळाशी एकदम दाटी, शेवटच्या बोटभर जागेत चाळीस-पन्नास डेसिबल उरकलेले. कारण माणूस रात्रभर काम करतो ते त्या शून्याच्या आसपास. म्हणजे कानाचं गणित हा झाला पाया, पण त्याच्यावर हाताचा मुक्काम बघावा लागतो. हात जिथे जास्त वेळ असतो तिथे जागा जास्त हवी. आणि तळाला आवाज खराखुरा बंद हवा, नाहीतर भजन संपून आरती होऊन लोक घरी निघाले तरी स्पीकरमधून बारीकसा आवाज येतच राहतो.

हे सगळं काही आजकालचं शहाणपण नाही. आमच्या घरी व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ होता, बंद पडल्यावर मी तो उघडून बसायचे. त्यातला गँग कंडेन्सर ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, पातळ पानांच्या दोन चवडी, एक स्थिर आणि एक फिरणारी. ती फिरणारी पानं अर्धगोल का नसतात, एका बाजूला अशी तिरकी निमुळती का कापलेली असतात, ह्याचं मला लहानपणी नवल वाटायचं. कारण हेच आहे. स्टेशनची फ्रिक्वेन्सी कंडेन्सरच्या वर्गमुळाच्या उलट्या हिशोबाने बदलते, पानं सरळ अर्धगोल ठेवली तर डायलच्या वरच्या टोकाला सगळी स्टेशनं एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून पान असं कापायचं की काटा सरकेल तशी स्टेशनं सारख्या अंतराने यावीत. गणित पत्र्यात कापून ठेवलेलं, ना चिप ना प्रोग्रॅम. वर दोरी आणि पुली लावून नॉब चार-पाच वेळा फिरवला तरच काटा अख्खी डायल पार करायचा, आणि काही सेट्समध्ये नॉबच्या दांड्यावर जड चाक असायचं, एक हिसका दिला की काटा स्वतःच्या वजनाने सरकत जायचा आणि मग बोटाने अलगद रत्नागिरी पकडायचं. आज एखाद्या महागड्या सिंथेसायझरवर बोटाच्या पेराएवढा नॉब बघते तेव्हा मला तो मर्फी आठवतो. १२ मिलिमीटरचा नॉब पाऊण फेरी फिरवला तर बोट २८ मिलिमीटर चालतं, ४० मिलिमीटरचा असेल तर ९४. तिप्पट जागा फुकट मिळते, नुसती टोपी मोठी केली तर!

फिल्टरच्या कटऑफचा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचं कापायचं त्या सीमेचा, किस्सा तर अजून मजेशीर आहे. माणसाच्या कानाचा पल्ला २० हर्ट्झ ते २०००० हर्ट्झ म्हणतात, म्हणजे दहा सप्तकं, कारण प्रत्येक सप्तकात फ्रिक्वेन्सी दुप्पट. नॉब सरळ हिशोबाचा ठेवला तर मधोमध १०००० हर्ट्झ येतात, तिथे आवाजाची नुसती कड बदलते, आणि गाण्याची जी सगळी ऊब आहे ती २००० च्या खाली, म्हणजे पहिल्या २७ अंशांत. गुणाकाराच्या हिशोबाने ठेवला तर मधोमध ६३२ हर्ट्झ, आणि प्रत्येक सप्तकाला सारखी जागा. सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशोब धरला तो ह्याच विचाराने. अटॅकच्या (सूर पूर्ण चढायला लागणाऱ्या) वेळेचंही तसंच, १ मिलिसेकंद ते १० सेकंद असा पल्ला असेल तर मध्यावर ५ सेकंद ठेवून काय करायचंय, १०० मिलिसेकंद हवेत.

पण गुणाकार बरोबर केला तरी पुढे मिडी (वाद्यांची एकमेकांना आकडे पाठवायची ठरलेली पद्धत) आडवं येतं. १९८३ साली मिडी ठरलं तेव्हा नॉबच्या हालचालीला ० ते १२७ एवढेच आकडे दिले, त्या काळच्या मानाने पुष्कळ. आता हिशोब करा. दहा सप्तकं म्हणजे पेटीच्या १२० पट्ट्या, आणि नॉबला पायऱ्या १२७. म्हणजे कटऑफ तुम्ही कितीही हळू फिरवा, तो जवळजवळ एकेका पट्टीने उड्या मारत जाणार. रेझोनन्स (कटऑफपाशीच्या आवाजाचा फुगवटा) वाढवलेला असला तर फिल्टर स्वतःच सूर धरतो आणि मग ते स्पष्ट ऐकू येतं, मींड हवी होती आणि कोणी तरी पेटीवरून ओळीने बोटं फिरवतंय असं. आणि ज्या देशात १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, एक मोठा आक्षेप हाच की तिच्यात मींड येत नाही, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं, त्या देशातल्या माणसाने तरी ह्या पायऱ्यांबद्दल कुरकुर करायला हवी. (पेटीवर मात्र माझा काही राग नाही, आमच्याकडे पेटीशिवाय पान हलत नाही.) १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडचं टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र वापरून राग वाजवले, त्या यंत्रावर ओळीने बसवलेले सहा छोटे नॉब, त्यात कटऑफ आणि रेझोनन्स, आणि ते सरळ सर्किटला जोडलेले, मध्ये आकडाच नाही. त्यामुळे हात जाईल तसा आवाज सलग जातो. म्हणजे मिडीच्या आधी जे फुकटात होतं ते नंतर मेहनतीने परत मिळवावं लागलं. मिडीत दोन मेसेज जोडून १६३८४ पायऱ्या करायची सोय पहिल्यापासून आहे, पण वापरतंय कोण! २०२० मध्ये मिडी २.० आलं, त्यात ३२ बिटांचे आकडे आहेत, म्हणजे पायऱ्यांची चिंता मिटली, पण आमच्या बाजारात पोचेपर्यंत माझे केस पांढरे होतील.

तोवर उपाय एकच, आलेला आकडा तडक लागू करायचा नाही, आधीच्या आकड्यापासून नव्या आकड्यापर्यंत चिपने हळूच सरकत जायचं. सुकाणू वळवल्यावर होडी जशी क्षणभर उशिरा पण सलग वळते तसं. किती हळू, इथे मात्र भांडणं आहेत. माझ्या हाताला १० ते २० मिलिसेकंद बरे वाटतात, तेवढ्यात पायऱ्यांची किरकिर जाते आणि उशीर कळत नाही. काही कंपन्या किरकिरीच्या भीतीने शंभर-दोनशे मिलिसेकंद लावून ठेवतात आणि मग तालाच्या अंगाने फिल्टर उघडायला जावं तर सम निघून गेल्यावर उघडतो. त्यापेक्षा थोडी किरकिर परवडली.

उलटा त्रासही असतो, हात स्थिर आणि आकडा अस्थिर. चिप आत नॉबची जागा ० ते १०२३ अशी मोजत असेल आणि नॉब ५११ आणि ५१२ च्या सीमेवर उभा असेल, अडॅप्टर फुटपाथवरचा असेल, देवळात लाइटिंगच्या माळा त्याच बोर्डावर असतील, तर आकडा थरथरत राहतो, आणि प्रत्येक थरथरीला एक मिडी मेसेज जातो. एका मेसेजचे ३ बाइट, सेकंदाला ३१२५० बिटांच्या वेगाने जायला जवळजवळ १ मिलिसेकंद. असे शे-दोनशे मेसेज रांगेत उभे राहिले की मधला सूर अडकतो, आणि कीबोर्ड वाजवणारा बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देतो. उपाय असा की आकडा दोन-तीन घरं हलल्याशिवाय हलला असं मानायचंच नाही. पण एकदा हात फिरायला लागला की ही अट सोडून द्यायची, नाहीतर हळू फिरवणाऱ्याला बटण चिकटल्यासारखं वाटतं. ही दुसरी अर्धी गोष्ट फार थोडे लोक करतात, आणि नेमकी तीच हाताला कळते.

आणि मग प्रीसेट, म्हणजे वाद्याने लक्षात ठेवलेले आवाज. १९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरला मेमरी नव्हती, पॅनलवर जे दिसतं तेच ऐकू येतं, नॉबचा काटा कुठे आहे ते बघा आणि आवाज ओळखा. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ आला, आत मायक्रोप्रोसेसर, ४० आवाज लक्षात ठेवायची सोय, आणि तेव्हापासून नॉब खोटं बोलायला लागले. म्हणजे तुम्ही नवा आवाज बोलावला, त्यात कटऑफ वर आहे, पण नॉबचा काटा मागच्या आवाजासाठी खाली ठेवलेला. आता नॉबला हात लावला तर काय व्हायला हवं? एक पंथ म्हणतो, आवाज सरळ उडी मारून नॉबपाशी यावा. दुसरा म्हणतो, नॉब फिरवत फिरवत जुन्या जागी जाईपर्यंत काहीच होऊ नये, तिथे पोचला की पकड घ्यावी. तिसरा म्हणतो, आवाज जिथे आहे तिथूनच चालू करा आणि उरलेल्या जागेत उरलेला पल्ला ताणून बसवा. मला स्टेजवर तिसरा आवडतो, कारण हाताला लगेच उत्तर मिळतं आणि झटकाही बसत नाही. कटऑफला उडी मारली तरी एक वेळ चालेल, कधी कधी बरीही वाटते. व्हॉल्यूमला उडी मारणारं वाद्य मी देवळात आणणार नाही, समोर म्हातारी माणसं बसलेली असतात.

चौथा मार्ग म्हणजे न संपणारा नॉब, भोवती दिव्यांची गोल माळ, दिवे खरी जागा दाखवतात. छान दिसतो. पण त्यात बऱ्याचदा वेगाचं गणित घातलेलं असतं, भरभर फिरवलं तर जास्त, हळू फिरवलं तर कमी, आणि तिथे माझं बिनसतं. तेवढाच हात फिरवून दर वेळी वेगळं उत्तर येत असेल तर हात शिकणार काय? तबलजीच्या बोटाला आघाताची सवय होते कारण तबला काल जे बोलला तेच आज बोलतो. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने तर नॉबच काढून टाकले, सगळ्यासाठी मिळून एक सरकपट्टी आणि पडद्यावरचे आकडे. आवाज अप्रतिम, पण बहुतेक लोक आयुष्यभर त्यातले तयार आवाजच वाजवत राहिले.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर मात्र हे सगळं एका बटणात दिसतं. बेंगळुरूच्या राडेलपासून पुढे कितीतरी कंपन्यांचे डबे आले. आमच्याकडे कोणी काळी दोनमध्ये गातं, कोणी पांढरी पाच, शिवाय पेटी जुनी असेल तर तिची काळी दोन ही तिची स्वतःचीच काळी दोन असते. दीड सप्तकाचा पल्ला पाऊण फेरीत बसवला तर एका अंशाला साधारण ६.७ सेंट येतात, एका पट्टीचे १०० सेंट. हात एका अंशाच्या आत स्थिर राहत नाही, आणि ६-७ सेंटांचा फरक षड्जाला कानात टोचतो. म्हणून एक नॉब पट्टीचा, खटखट आवाज करत एकेका घरात बसणारा, आणि एक बारीक सुराचा, वर-खाली ५० सेंट, ज्यात एका अंशाला ०.४ सेंटही येत नाहीत. ह्या बारीक नॉबला मध्यावर खाच असते, शून्य अंधारात बोटाला कळावं म्हणून. खाच हवीच, पण खाचेच्या अगदी शेजारी लावायचं असेल तर बोट परत खाचेत घसरतं, आणि जुन्या पेटीला नेमकं तिथेच लावायचं असतं. मी खाच काढून टाकते आणि टोपीवर नेलपॉलिशचा ठिपका देते.

हल्ली बरेच जण फोनवरचा तानपुरा लावतात आणि त्यावर नॉबचं चित्र असतं. चित्राभोवती बोट गोल फिरवायचं की वर-खाली ओढायचं ते प्रत्येक ॲपचं वेगळं, पावसाळ्यात बोट ओलं असलं तर कुठलंच चालत नाही. चित्रच काढायचंय तर उभी पट्टी काढा की, गोल कशाला.

आणि शेवटी आमची हवा. किनाऱ्यावर खारा वारा आणि चार महिने भिंतीला ओल, उघड्या पॉटचा कार्बन दोन-तीन पावसाळ्यांत खरखरायला लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब दहा-पंधरा वेळा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की पट्ट्यावरचा थर घासला जातो आणि दसऱ्यापर्यंत निभतं. सीलबंद पॉट मिळतात, त्यांच्यात ओल जात नाही, दांड्यापाशी रबर असतं म्हणून फिरायला जड असतात. जड नॉब व्हॉल्यूमला आणि बारीक सुराला मला आवडतो, चुकून शर्टाची बाही लागली तरी हलत नाही. कटऑफला नाही आवडत, तिथे मनगट मोकळं हवं. म्हणून मी बनवते त्या डब्यात दोन सीलबंद आणि कटऑफचा उघडा, तोही सोल्डर न करता कनेक्टरवर, खरखरला की काढून दुसरा टोचायचा.